पवनचक्कीवरचं रडू

आमचा मामा पवनचक्क्या दुरुस्त करायचा. माणूस गुणाचा, पण एका गोष्टीसाठी माझा त्याच्यावर राग आहे आणि तो जाईलसं वाटत नाही.

त्याच्या मुलीला लहानपणापासून एकच खूळ होतं, बाबांसारखं वर चढायचं. शाळा संपताच तिनं तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणाचा अर्ज आणला. मामाच्या मनात ते नव्हतं, पण लेकीला तोंडावर नाही म्हणायची त्याची छाती होईना. मग त्यानं शक्कल लढवली. साहेबांच्या हातापाया पडून तो तिला एकदा वर घेऊन गेला, तेही मुद्दाम जोराच्या वाऱ्यात. आतल्या शिडीवर नाही, तर चक्कीच्या माथ्यावरचं झाकण उघडल्यावर तरी पोरगी हातपाय गाळणारच, हा त्याचा हिशोब.

झाकण उघडलं, वारा थाडकन अंगावर आला आणि पोरगी कमरेचा पट्टा धरून खदखदून हसली. घाबरून शिडी घट्ट धरली ती मामानं.

घरी येऊन मामीला म्हणाला, "रडली गं वर. नुसती थरथरत होती." मुलगी बापाकडे बघतच राहिली. अर्ज कपाटात गेला आणि आम्हा भावंडांत तिचं नाव पडलं रडूबाई.

पुढे मामाच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हापासून तो प्रशिक्षण केंद्रात शिकवतो. हल्ली चक्क्या उभ्या राहतात भराभर, पण चढणारी माणसं मिळत नाहीत. शिकणाऱ्यांना परीक्षेआधीच नोकऱ्या लागतात. परवा केंद्राच्या बाई म्हणाल्या, "अजून कितीतरी वर्षं माणसं लागणार आहेत. वयाची अटही काढलीय. घरात कुणी असेल तर पाठवा."

मामा तडक मुलीच्या चष्म्याच्या दुकानात आला. मी माझा चष्मा न्यायला तिथेच बसलो होतो. ती त्याचा बारीक स्क्रू बसवत होती. मामानं बाईंचा निरोप सांगितला आणि माझ्यादेखत म्हणाला, "तू रडली नव्हतीस. मी खोटं बोललो होतो."

तिनं स्क्रू पुरता आवळला, काच पुसली.

"बरीच वर्षं मला पक्कं आठवायचं बाबा, मी हसले होते म्हणून. पण सगळेच म्हणायचे, रडली, रडली. आता खरं काय ते माझं मलाच कळत नाही."

चष्म्याची डबी वरच्या फळीवर होती. स्टूल तिच्या पायाशीच होतं. तिनं वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"दादा, तेवढी डबी काढून देतोस? मला स्टुलावर भीती वाटते."

मी स्टुलावर चढलो. मामा खाली फरशीकडे बघत उभा होता.