फुटक्या काचेचा दिवा

माझ्या काकांइतका आपल्या अकलेवर खूश असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर सिकंदराबादेत लष्कराचं जुनं सामान विकायला निघालं, तेव्हा त्यांनी तिथून पाऱ्याचा एक भलामोठा दिवा आणला. बाहेरची काच फुटलेली होती. आतली नळी मात्र पेटायची. काका म्हणाले, "काच गेली तर उजेड जातो काय? उलट जास्त पडतो." अंबरपेठच्या आमच्या अंगणात तो टांगला आणि समईला सुट्टी मिळाली. शुभंकरोति आता त्याच्यापुढे, आणि तेही त्याच्याकडे बघून, हा काकांचा हुकूम.

दुसऱ्या दिवशी ताईला बघायला नल्लकुंट्याहून पाहुणे यायचे होते. मुलगा शाळामास्तर. ताईने त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि तो तिच्या मनात भरला होता. हे फक्त मला ठाऊक होतं. पाहुण्यांना दाखवायचा रुमाल भरत ती त्या संध्याकाळी जेवणवेळेपर्यंत त्या दिव्याखाली बसली.

पहाटे ती कण्हत उठली. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतंय म्हणाली. चेहरा लाल, पापण्या सुजलेल्या, पाणी थांबेना. आईने दुधाच्या घड्या ठेवल्या. पाहुणे आले तेव्हा ताई पोह्यांच्या बशा घेऊन भिंतीच्या आधाराने बाहेर आली.

मुलाची आई बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "मुलगी रात्रभर रडलीय. तिच्या मनात नसताना आम्ही पाप कशाला घ्यावं?" सगळे उठून गेले.

सिकंदराबादच्या डॉक्टरांनी डोळे तपासून सगळी हकिकत विचारली आणि कपाळाला हात लावला. काच फुटली की आतला घातक प्रकाश तसाच बाहेर येतो, डोळे भाजतात, वेल्डिंगवाल्यांचे भाजतात तसे.

काका मान डोलावत म्हणाले, "हां, मी विकत घेताना पेटवून बघितला तेव्हा माझेपण जळजळले होते की. दोन दिवसांत गेलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे या माणसाला माहीत होतं.

डोळ्यांवर पट्टी बांधलेली ताई म्हणाली, "काका, एवढंच तिकडे जाऊन सांगा. मी रडले नव्हते."

"मुलीकडच्यांनी परत जायचं? हसतील लोक," काका म्हणाले.

ते गेले नाहीत. पट्टी सुटली त्या दिवशी ताई पहिल्यांदा रडली.