सुहासचं दोन हजार साल

सुहास बर्वे गेला, त्याला आता सात आठवडे होतील. निरोप आला तेव्हा मी सिंगापूरात, पाया लेबारच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. नीताचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, एका ओळीचा एसएमएस. मी तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि माझ्या उरलेल्या चार स्लाइड्स दाखवून पूर्ण केल्या. हे लिहायचं नव्हतं, पण सुहासबद्दल खरं लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी... तो एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्या जागी गेला. भरदुपारी, कानांवर मोठे हेडफोन, डोळे मिटलेले. गाडी शेवटच्या स्टेशनाहून परत फिरली, दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा आली. शेजारी माणसं बसली, उठली, नवी बसली. गाणं ऐकतोय, असंच सगळ्यांना वाटलं.

आम्ही पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका वर्गात होतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या तोंडी परीक्षेआधी त्याने मला दोन दिवस बसून अख्खा विषय शिकवला. मी पास झाले. त्याचा दुसरा एक पेपर त्या नादात राहिला आणि त्यात तो आपटला, पण त्याने ते मला कधी ऐकवलं नाही. त्याच्या वहीत एका बालमासिकातून कापलेलं चित्र असायचं, दोन हजार सालातल्या शहराचं. काचेचे घुमट, हवेत तरंगणाऱ्या मोटारी, एकसारख्या कपड्यांतली हसरी कुटुंबं. तो म्हणायचा, यात सगळं दाखवलंय, पण हे शहर वाजतं कसं, ते कुणाला सुचलेलं नाही. ते आपण करायचं. आम्ही मैत्रिणी त्याला ‘दोन हजार’ म्हणायचो. त्यालाही ते आवडायचं, किंवा तसं तो दाखवायचा.

दोन हजार साल येऊन गेलं आणि मग आम्ही दोघंही वर्षभराच्या अंतराने सिंगापूरला आलो. मी सेरंगूनला, तो टॅम्पिनीसला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. एका कारखान्यात चिप्स तपासायची नोकरी होती त्याची. पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा मी म्हटलं, झालं ना तुझं चित्र खरं? आमच्या बाराव्या मजल्याच्या खिडकीतून तो बराच वेळ बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, “दिसतं अगदी चित्रासारखं. पण वाजतं फ्रिजसारखं.”

इथल्या नव्या फ्लॅटमध्ये एक पोलादी दाराची खोली असते, युद्ध झालंच तर लपायला. लोक त्यात तांदळाची पोती आणि सुटकेसेस ठेवतात. सुहासने तिथे आपलं दुकान थाटलं. जुन्या बाजारातून आणलेले मोडेम, पेजर, सुयांचे प्रिंटर, रिळांचे टेपरेकॉर्डर... ज्या ज्या यंत्राने कधीतरी भविष्याचं आश्वासन दिलं आणि पाच वर्षांत भंगार झालं, ते सगळं तिथे होतं. त्यांच्या किंकाळ्या, खरखर, गुरगुर तो टेपवर घ्यायचा, ताणायचा, एकावर एक चढवायचा. दार बंद केलं की बाहेर काही ऐकू यायचं नाही. नीता म्हणायची, बरं आहे, सिगरेट तरी ओढत नाही.

आमच्या ओळखीतल्या मराठी कुटुंबांचा दरवर्षी दिवाळीनंतर एक कार्यक्रम होतो. निवेदन माझ्याकडे असतं. माझ्या निवेदनाला लोक हसतात, त्यासाठीच येतात असंही म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडतं. एका वर्षी सुहासने मला फोन करून दहा मिनिटं मागितली. इतक्या वर्षांत त्याने मागितलेली ही पहिली गोष्ट. सहा महिने तो घरोघरी जेवायला गेला होता, परवानगी घेऊन टेबलावर रेकॉर्डर ठेवून. कुकरच्या शिट्ट्या, देवघरातली घंटा, खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या बांबूंची खडखड, मुलांचं इंग्लिश भांडण. त्या सगळ्यांतून त्याने ते शहर वाजवलं होतं. “लोकांना आपापलं घर ओळखू येईल बघ,” तो म्हणाला.

मी मंचावर जाऊन म्हणाले, “आता सुहास बर्वे. घाबरू नका, हॉलचा एसी बिघडलेला नाही. हे त्यांचं संगीत आहे.”

हॉल हशाने दणाणला. तो हसू ओसरायची वाट बघत तारा धरून उभा राहिला आणि मग त्याने सुरू केलं. पहिली एक-दोन मिनिटं खरोखर काहीतरी होत होतं, मागच्या रांगा गप्प झाल्या होत्या. पण मी आधीच सांगून ठेवलं होतं की हे हसण्याचं आहे. कुणीतरी एसीवाल्याला हाक मारली. पुन्हा हशा. पाचव्या मिनिटाला मी माइक घेऊन म्हटलं की मेकॅनिक निघालेत, धीर धरा. त्याची मुलगी सई तेव्हा बारा वर्षांची होती. पहिल्या रांगेतून उठून ती मागे मैत्रिणींत जाऊन बसली आणि कुणीतरी विचारलं तेव्हा इथल्या मुलांच्या इंग्लिशमध्ये म्हणाली, “नॉट माय डॅड, लाह.” त्याने पूर्ण दहा मिनिटं वाजवलं. नंतर तारा गुंडाळताना मला म्हणाला, हॉल चांगला आहे, आवाज छान फिरतो. त्यानंतर त्याने माझ्याकडे काही मागितलं नाही. मी मात्र तो एसीचा विनोद पुढे चार वर्षं वापरला, कधीकधी त्याच्यासमोर. तोही हसायचा.

तो गेल्यावर नीता आणि सईचे, त्याच्या नोकरीवर मिळालेले, इथे राहायचे पास रद्द झाले. महिन्याभरात फ्लॅट रिकामा करायचा होता. मदतीला मी गेले. पोलादी दारामागे खोक्यांवर खोकी, प्रत्येक टेपवर त्याच्या बारीक अक्षरात गावाचं, घराचं, यंत्राचं नाव. नीता तीन रात्री झोपली नव्हती. एक टेप हातात धरून ती म्हणाली, “ऐकून बघायचं का गं?”

“कोण ऐकणार आहे?” मी म्हटलं.

खाली भंगारवाल्या चिनी काकांचा भोंगा वाजत होता. मीच त्यांना वर बोलावलं. दोन फेऱ्यांत त्यांनी सगळं नेलं. नीता लिफ्टच्या दारापर्यंत त्या ढकलगाडीमागे गेली आणि परत आली.

दोघी पुण्याला गेल्या आणि पुढच्याच आठवड्यात फैझल नावाचा एक मलय माणूस माझ्या ऑफिसच्या लॉबीत आला. नंबर त्याला नीताने दिला होता. तिशीचा, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीचा गणवेश, कोपरापर्यंत गोंदण. त्याने सांगितलं की दर रविवारी दुपारी सुहास त्यांच्याकडे यायचा. एका जुन्या दुकानाच्या माडीवर ते पंधरा-वीस जण असलंच संगीत करतात. सुहासला ते चिकगू म्हणायचे, मलयमध्ये मास्तर. तो टेप आणायचा, ऐकवायचा, परत घेऊन जायचा. कॉपी कुणाला दिली नाही, अजून पूर्ण झालं नाही म्हणून. आता त्या टेप कुणाकडे आहेत, एवढंच त्याला विचारायचं होतं.

मी सांगितलं. मीच दिल्या, हेही सांगितलं. तो भिंतीवरच्या लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिला... मग म्हणाला, “काहीच नाही?”

एक होतं. त्या कार्यक्रमाचं व्हिडिओ शूटिंग माझ्या कपाटात होतं, माझ्या निवेदनासाठी जपून ठेवलेलं. सुहासने उभ्या आयुष्यात जे केलं, त्यातलं उरलेलं एवढंच. फैझलने हशा पुसून काढायचा बराच प्रयत्न केला. निघेना. दोन्ही आवाज एकमेकांत रुतले होते.

गेल्या रविवारी त्याने मला माडीवर बोलावलं. काळ्या टीशर्टमधली मुलंमुली जमिनीवर बसली होती. स्पीकरमधून आधी माझा आवाज आला, मग तो हॉलभर हशा, आणि त्याच्या खालून, फार खालून, एक कुकरची शिट्टी लांबत लांबत गेली. ती माझ्या स्वयंपाकघरातली होती. मला ओळखू आली. दहा मिनिटं कुणी हललं नाही. संपल्यावर शेजारच्या मुलीने डोळे पुसले आणि मला इंग्लिशमध्ये विचारलं, सुरुवातीला त्या बाई काय म्हणतात?

मी म्हटलं, त्याची ओळख करून देताहेत.