धानाभोवतीचे गोटे

यादवभाऊ गेले, हे सांगाले पोलीसपाटील आला तेव्हा मी चहा पिऊन राहिलो होतो. माह्याच धानाच्या बांदीसमोर, वावरापुढच्या सडकेवर, सांजेले, त्यांची मोटरसायकल गोट्यावर चढली... जागीच गेले. महिना झाला.

भाऊ माह्या बायकोचे मोठे भाऊ. शाळेची गाडी चालवत. मी अंगठाबहाद्दर, अन् चाळिशीत मले पिकअप चालवाचं खूळ लागलं. एजंट म्हणे, परीक्षेले येऊच नका, लायसन घरी पोचते. मी खूश. भाऊनं त्याच्यासमोरच मले झापलं, अन् मग रोज भिंतीवर कोळशानं सडकेच्या खुणा काढून शिकवलं. वळणाची खूण पाहून मी म्हटलं, हा तर साप होय. ते हसले नाहीत. म्हणाले, "जवाई, तुमच्या मस्करीनं ब्रेक लागत नाही."

आमच्याकडे धान सडकेवरच वाळवतात. गाडी चढू नये म्हणून भोवती गोटे मांडतात. धान उचललं का गोटे तिथंच. भाऊ दर वेळी गाडी थांबवत, मले उतरवत, गोटे कडेले टाकाले लावत. मी कुरकुरलो, दुसऱ्याचे गोटे आपण कायले उचलाचे?

"मागून येणाऱ्याले मालक दिसत नाही, जवाई. गोटा दिसते. तोही उजेड असला तर."

त्या दिवशी मी धान उचललं, गोटे ठेवले. उद्या पुन्हा धान टाकाचंच हाय, दोनदा कोण वाहते? पोलिसांनी विचारलं, गोटे कोणाचे? चार घरचं धान होतं. सारे चूप. जन्मभर ज्याचं तोंड बंद झालं नाही तो मी, सगळ्यात चूप. मयतीत लोक म्हणत, येळ आली होती. कायची येळ बे? गोटा होता. एका बाजूनं चुना लागलेला, माह्या घराच्या पायव्यातून उरलेला. मी पाहताच ओळखला, अन् त्या गोट्याकडं पाठ करून रडलो. असा मी शहाणा. लायसनही भेटलं, पहिल्याच परीक्षेत. साहेब म्हणे, चांगलं शिकवलं तुम्हाले कोणीतरी.

हे शाळेच्या बाई रविवारच्या पेपरासाठी लिहून घेऊन राहिल्या. इथं त्यांचा पेन थांबला. हे छापाचं का, असं विचारलं. मी म्हटलं, छापा. आमच्या घरी रविवारी बायकोच मले पेपर वाचून दाखवते, मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून. मी तिच्यासमोर बसून राहीन. मधातून उठणार नाही.