डावीकडे दिसलेले बुडबुडे

रमाकांतभाऊंना माझ्याकडून एकच कागद हवा होता. दिगंबरचं हृदय ठीक आहे, एवढं मी लिहून द्यायचं. मग समुद्रात जे झालं ते त्याच्या निष्काळजीपणामुळे झालं, असा रिपोर्ट ते सोमवारी पाठवणार होते.

तोंडवलीजवळ भाऊंचं स्कूबा डायव्हिंगचं सेंटर आहे. दिगंबर तिथला सीनियर इन्स्ट्रक्टर, चौतीस वर्षांचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. पर्यटकांना उथळ पाण्यात नेतो ते वेगळं, पण त्या दिवशी तो एका खोल खडकावर ट्रेनिंगच्या डाइव्हला गेला होता. वर आल्यावर बोटीतच त्याचा उजवा हात बधिर झाला आणि जीभ अडखळायला लागली. बोटीवर ऑक्सिजन होता, तो लगेच लावला. गोव्याला नेऊन प्रेशर चेंबरमध्ये, म्हणजे हवेचा दाब वाढवलेल्या बंद खोलीत ठेवलं आणि तो पूर्ण बरा झाला. तिथल्या डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावर 'एको करून घ्या' असं लिहिलं होतं, म्हणून आठ दिवसांनी दोघं माझ्याकडे आले. मी फिजिशियन, मूळची वालावलची. मालवणात प्रॅक्टिस करून मला सोळा वर्षं झाली.

या आजाराला 'बेंड्स' म्हणतात. खोल पाण्यात दाब जास्त असतो, त्यामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस घाईने वर आला, की सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं रक्तात बुडबुडे सुटतात. म्हणून किती वेळ खाली राहायचं आणि किती हळू वर यायचं, याचे कडक नियम असतात. भाऊंचं म्हणणं, दिगंबरने ते मोडले. इन्स्ट्रक्टरचं कार्ड देणाऱ्या संस्थेला तसा रिपोर्ट गेला तर त्याचं कार्ड रद्द होणार होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

मी एको सुरू केला. एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हजारो हृदयं बघितली, तरी अजून मला कंटाळा येत नाही. मुठीएवढा स्नायू, त्यात चार कप्पे. शरीरभर फिरून आलेलं, ऑक्सिजन संपलेलं रक्त उजव्या वरच्या कप्प्यात येतं, तिथून उजव्या खालच्या कप्प्यात आणि पुढे फुप्फुसांत. तिथे ऑक्सिजन भरून घेऊन ते डाव्या बाजूला परततं. डावा खालचा कप्पा सगळ्यात ताकदवान. तो एका आकुंचनात रक्त मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत ढकलतो. मध्ये झडपा आहेत, त्या रक्ताला मागे फिरू देत नाहीत. उजवी आणि डावी बाजू एका पडद्याला चिकटून असतात, पण एकीकडचं रक्त दुसरीकडे जायचं तर फुप्फुसांतूनच जावं लागतं.

दिगंबरच्या झडपा छान होत्या. पंपिंग उत्तम. मी 'नॉर्मल' टाइप करायला घेतलं.

तेवढ्यात त्याने मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर काढून माझ्या टेबलावर ठेवला. किती खोल गेलो, किती वेळ राहिलो, कुठल्या वेगाने वर आलो, हे सगळं त्या घड्याळासारख्या यंत्रात नोंदलेलं असतं.

"मॅडम, मी एक मिनिट जास्ती रवाक नाय," तो म्हणाला. "माझ्यार विश्वास नसलो तर ह्या बघा."

आलेख कसा वाचायचा ते त्यानेच मला दाखवलं. वर येतानाचा वेग नियमात होता. पाच मीटरवर थांबायचं असतं तिथे तो सांगितल्यापेक्षा जास्तच थांबला होता. त्याच महिन्यात त्याच खडकावर तो आणखी दोनदा उतरला होता आणि तेव्हा काहीच झालं नव्हतं. मग त्या दिवशी वेगळं काय झालं? वर आल्यावर लगेच काय केलंस, असं मी विचारलं.

तो जरा आठवत बसला. "नांगर अडाकलेलो. मीच वडून काढलंय. खूप जोर लागलो."

मी टाइप केलेलं पुसलं.

बाळ आईच्या पोटात असतं तेव्हा त्याची फुप्फुसं श्वास घेत नाहीत, ऑक्सिजन आईकडून येतो. त्यामुळे बरंचसं रक्त फुप्फुसांत न जाता सरळ डावीकडे जातं. त्यासाठी वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक छोटं दार असतं. जन्मल्यावर पहिला श्वास घेतला, की डावीकडचा दाब वाढतो आणि हे दार दाबलं जाऊन मिटतं. पुढे ते जुळून पक्कं होतं. एका श्वासात रक्ताचा रस्ता बदलतो. याच्याहून सुबक व्यवस्था मी तरी पाहिलेली नाही. पण पुष्कळांचं दार मिटतं आणि जुळत मात्र नाही. एरवी त्यांना काहीच त्रास होत नाही. जोर केला, की उजवीकडचा दाब क्षणभर वाढतो आणि ते उघडतं.

दिगंबरला समजावून मी बबल टेस्ट केली. सलाईनमध्ये किंचित हवा घालून दोन सिरिंजमधून ती जोराने घुसळायची आणि हाताच्या शिरेत सोडायची. हे बारीक बुडबुडे निरोगी माणसाच्या फुप्फुसांत गाळले जातात, डावीकडे पोचत नाहीत. खोल डाइव्हनंतर नियम पाळूनही थोडे बुडबुडे होतातच, आणि तेही असेच गाळले जातात.

सिस्टरने इंजेक्शन दिलं. स्क्रीनवर उजवे कप्पे पांढरे झाले, डावे काळेच राहिले. भाऊ माझ्या मागे उभे राहून बघत होते. मग दुसरं इंजेक्शन दिलं आणि दिगंबरला श्वास कोंडून, नांगर ओढताना लावला होता तसा जोर लावायला सांगितलं. "आता सोड," मी म्हणाले. दोन ठोके गेले आणि डाव्या बाजूला पांढरे ठिपके आले. मी मोजायला लागले, तर पंधरावर गेले.

भाऊंना मी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. इथून पुढे रक्त थेट मेंदूकडेही जातं. त्याने नियम पाळले होते. नांगर ओढला आणि ते दार उघडलं.

दिगंबर तसाच कुशीवर पडून होता. "म्हणजे माझी चूक नाय?"

"नाही रे," मी म्हणाले.

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. सिस्टरने त्याच्या हातावरचा कापूस उगाचच दाबून धरला. भाऊ बाहेर जाऊन आले आणि माझ्या रिपोर्टची कॉपी मागितली. त्यांनी स्वतःचा रिपोर्ट नव्याने लिहिला, त्यात आपण आधी दिगंबरवर विश्वास ठेवला नाही हेही लिहिलं. हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

पुढे मुंबईत त्याचा घशातून एको करून खात्री केली. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेली आणि दोन चकत्यांचं एक उपकरण बसवून ते दार बंद केलं. छाती उघडावी लागली नाही. तिसऱ्या दिवशी तो घरी आला. सहा महिने तो किनाऱ्यावर थिअरी शिकवत होता. दर भेटीत एकच विचारायचा, "परत पाण्यात जाऊक मिळतला काय?" मी दर वेळी सांगायचे, की टेस्ट झाल्यावर बोलू.

सहा महिन्यांनी पुन्हा बबल टेस्ट केली. जोर लावूनही डावी बाजू काळीच राहिली. डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांनी खोलीची मर्यादा घालून त्याला परवानगी दिली. आज तो पुन्हा शिकवतो. डाइव्हनंतर नांगर दुसऱ्याने ओढायचा, असा नियम भाऊंनी सेंटरमध्ये सगळ्यांसाठीच केला आहे.

माझ्यापुरता मीही एक नियम केला. पेशंटला त्रास होण्याआधी काय केलंस, हे आम्ही डॉक्टर विचारतोच. त्यातली शेवटची दहा मिनिटं मी आता वेगळी विचारते.