लवंगेच्या तेलाचे दोन थेंब

लवंगेच्या तेलाची बाटली कितीही घासा, वास जात नाही. आमच्या कॉलेजच्या लॅबमधल्या किश्शांचं तसंच आहे. मी तिथला लॅब असिस्टंट, म्हणजे बाटल्या आणि किस्से दोन्ही माझ्याच ताब्यात.

*

आमचे विभागप्रमुख भास्करसर. लवंगेच्या तेलावर त्यांचा भारी जीव. त्यानं खवटपणा येत नाही म्हणून दिवाळीला स्टाफच्या चिवड्यात त्यांनी ते घातलं. चिवडा होळीपर्यंत टिकला.

"बघा, झाला का खवट?"

"कळणार कसं सर, खाल्लाय कोणी?"

*

लग्नात अत्तर लावतात तसं सर लॅबच्या दारात येईल त्याच्या हाताला ते तेल चोळायचे. कुरिअरवाल्यानं एकदा विचारलंच, "सर, मुलीकडचे की मुलाकडचे?"

*

एमएस्सीच्या पल्लवीचा प्रोजेक्ट याच तेलावर. जंतू वाढवायच्या दोन झाकणाच्या प्लेट, एकीत तेल, दुसरी साधी. दोन्हींवर कोणीतरी बोट टेकवायचं. साधीवर हाताचे जंतू वाढले, तरच तेलाचा गुण सिद्ध. नाहीतर प्रोजेक्ट नापास आणि अंबडच्या कंपनीतली ठरलेली नोकरी गेली.

तिची साधी प्लेट रोज कोरी. माझं बोट झालं, सरांचं झालं, शिपायाचं झालं.

"आपला स्टाफच स्वच्छ आहे," सर म्हणाले.

आमचा चहाचा कप बघितलेल्या माणसाला हे पटलं नसतं.

*

शेवटी तिनं सायखेड्याहून वडिलांना बोलावलं. ते कांद्याच्या वावरातून थेट आले. "माझ्या हातावर जंतू नाय तर कोणाच्या?"

सरांनी दारातच त्यांचं स्वागत केलं. दोन थेंब, दोन्ही तळव्यांना.

सकाळी प्लेट कोरी. वडील फोनवर म्हणाले, "गावात सांगू नको बाई. लोक म्हणतील, वावरात जातच नाय."

तेव्हा कुठे पल्लवीची ट्यूब पेटली. "सर, ते तेल लावणं बंद करा ना."

"पाहुण्याला कोरडं आत घ्यायचं?" सर दुखावले.

*

त्याच दुपारी बाहेरगावचे परीक्षक आले. सर बाटली घेऊन दारात. पल्लवीनं डोळे मिटले.

"मला नको," परीक्षक म्हणाले. "मी तासातासाला साबणानं हात धुतो."

पल्लवीनं लगेच दोन्ही प्लेट पुढे केल्या. "सर, तुम्हीच बोट टेकवा."

त्यांचा मुक्काम होताच. सकाळी झाकणं उघडली. तेलाची प्लेट लख्ख. साधीवर दह्याचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके, तीळ ठेवायला जागा नाही.

परीक्षकांनी प्लेट पाहिली. मग बोट पाहिलं. पल्लवीच्या प्रोजेक्टवर सही केली आणि भास्करसरांपुढे दोन्ही तळवे धरले.

"लावा."