लीला सिस्टरच्या वॉर्डातून पळालेला पेशंट

मला पोहता येत नव्हतं आणि मी विहिरीत उडी मारली. कारण लाजिरवाणं आहे. मामेबहिणी काठावर संत्री सोलत बसल्या होत्या, आणि कॉलेजच्या पोहण्याच्या शर्यतीत माझा दुसरा नंबर आल्याचं मी त्यांना आदल्याच दिवशी सांगून बसलो होतो. पहिला सांगितला असता तर कुणाला खरं वाटलं नसतं, एवढी अक्कल मात्र होती.

त्या उडीनंतर ज्यांनी मला जगवलं, त्या लीला गजभिये, आमच्या लीला सिस्टर, तीन आठवड्यांपूर्वी गेल्या. दवाखान्यातला एक निवृत्त शिपाई भाजीबाजारात भेटला, त्यानं सांगितलं. "तुमच्या सिस्टर गेल्या." मी वांगी निवडत होतो... निवडतच राहिलो. तुमच्या म्हणे! माझ्या म्हणावं असं मी त्यांच्यासाठी काय केलं होतं, ते पुढं येईलच.

विहीर हुडकेश्वरला, मामाच्या बागेत. वीसेक वर्षांपूर्वी ते नागपूरबाहेरचं खेडंच होतं. मी मामाकडे राहूनच शिकत होतो. माळ्यानं खाली उतरून मला केसांना धरून वर काढलं आणि मग साऱ्या गावाला ठाऊक असलेला उपचार सुरू झाला. घागर पालथी घालून तिच्यावर माझं पोट टेकवलं आणि दोघांनी मला लाटण्यासारखं पुढंमागं फिरवलं. तोंडातून हिरवं पाणी आलं, शेवाळ आलं, सकाळचे पोहे आले. बहिणी नाकाला पदर लावून सगळं पाहत होत्या. पाणी यायचं थांबलं तसं मामानं जाहीर केलं, "निघालं सारं. आता काही नाही." पण माझे निळे ओठ बघून मामीनं हट्ट धरला, म्हणून जीपमध्ये घालून मला शहरातल्या सरकारी दवाखान्यात आणलं.

तो वॉर्ड आठवला की अजून शिसारी येते. गादीवर आधीच्या माणसाचे डाग, खाटेखालच्या बेसिनमध्ये कुणाची तरी वाळलेली ओकारी, खिडकीच्या गजांवर पानाच्या पिचकाऱ्या. मामानं आल्या आल्या त्यात आपलीही एक भर घातली. लीला सिस्टरनी आधी ते बेसिन स्वतः घासून आणलं, मग म्हणाल्या, "पिंक बाहेर जाऊन टाका, भाऊसाहेब. इथं छातीचे पेशंट आहेत."

मामाला असं कुणी बोलत नसे. त्यात आडनाव कळलेलं, छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातलं. तेव्हापासून मामाच्या तोंडी त्या सिस्टर नव्हत्याच, नुसती 'ते बाई' होती.

दर पंधरा मिनिटांनी त्या यायच्या, माझ्या छातीवर हात ठेवून घड्याळाकडे बघत श्वास मोजायच्या आणि लिहून ठेवायच्या. मामा वैतागला. "पाणी तं सारं निघालं, मंग काहून ठेवून राहिले याले?"

"पोटातलं निघालं. छातीत गेलं ते कोणी पाहिलं? उद्या सकाळपर्यंत हा हलत नाही."

"अवं, पोरगा बोलून राहिला, हसून राहिला!"

"हसू द्या. मी श्वास मोजून राहिली, हसणं नाही."

मग त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला. घसा नुसता जळत होता. मामा माझ्याकडे बघत राहिला. "तहान नाही," मी म्हणालो. शेवाळ आणि बेडकांचं पाणी पोटभर पिऊन आलेला मी! सिस्टरनी ग्लास खाली ठेवला आणि पुन्हा श्वास मोजले. तो आकडा त्यांनी वहीत लिहिला. ग्लासाचं कुठं लिहिणार?

चार वाजता भेटायला येणाऱ्यांची गर्दी झाली. सिस्टर पलीकडच्या खाटेवर इंजेक्शन देत होत्या. मामानं सदरा आणला, मी तो चढवला आणि सरळ चालत बाहेर पडलो. मोठा पराक्रम केल्यासारखं वाटत होतं. जीप गावाच्या वेशीपर्यंत पोचली असेल, तोच ओल्या फडक्यातून श्वास घ्यावा तसं व्हायला लागलं. सदऱ्यावर गुलाबी फेस दिसला. मला वाटलं, मामाच्या पानाचा शिंतोडा उडाला. तो माझ्याच तोंडातून येत होता.

परत नेलं तेव्हा सिस्टर एका शब्दानं रागावल्या नाहीत. डॉक्टरांना बोलावलं, मला उशांना टेकवून बसवलं, नाकात ऑक्सिजनची नळी घातली आणि बोटाला कापड गुंडाळून माझ्या घशातला तो चिकट फेस पुन्हा पुन्हा काढत राहिल्या. ड्यूटी केव्हाच संपली होती. चार वर्षांची मुलगी घरी वाट बघत होती. शेजारणीकडे निरोप पाठवून त्या थांबल्या.

पाचव्या दिवशी चौकशी झाली. पेशंट वॉर्डातून गेलाच कसा? मामानं अर्ज लिहून आणला : सिस्टरनेच घरी जाण्यास सांगितले. "कर सही." चांगली वळणदार सही केली मी.

सिस्टरना मेमो मिळाला आणि पारशिवनीकडच्या एका दवाखान्यात बदली झाली. लेक नागपूरला आजीपाशी राहिली. चार वर्षं.

आणि मी? मी ती विहीर गावभर सांगत फिरलो. घागर, पोहे, गुलाबी फेस... लग्नाच्या पंगती मी त्यावर हसवल्यात. सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभात बोलायला मला बोलावलं, इतका तो किस्सा गाजला होता. तिथंही सांगितला. लोक पोट धरून हसले, सिस्टरही हसल्या. जाताना माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "लय हसवलं गा तुम्ही. सहीचं काहून नाही सांगितलं?" मी म्हणालो, सांगेन, पुढच्या वेळी. तिथंच, त्या मांडवात, माईक अजून चालू होता.

परवा त्यांच्या घरी गेलो. लेक आता शाळेत शिकवते. पुढच्या खोलीत सिस्टरची खुर्ची आहे. हाताशी खिळ्याला घड्याळ टांगलंय. घरात कुणी नुसतं खोकलं तरी त्या ते काढून श्वास मोजायला बसत, असं ती सांगत होती. मी तिला सगळं सांगितलं, ग्लासाचं, अर्जाचं, सहीचं. म्हणालो, हे मी पेपरात लिहिणार आहे, माझ्या नावानिशी.

तिनं ऐकून घेतलं. चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"लिहा ना, काका. पण आई होती तेव्हा काय करून राहिले होते तुम्ही?"