मंडयांच्या जेवणावर कार्ड फेडायची योजना

माझ्या क्रेडिट कार्डाचं कर्ज फेडायची योजना मी स्वतः आखली होती आणि तिच्यात एकही चूक नव्हती. चूक नातेवाइकांत होती.

कर्ज झालं कसं, ते विचारू नका. दोन दारांचा फ्रिज, भिंतभर टीव्ही आणि बायकोला न सांगता घेतलेला फोन (तिला कळू नये म्हणून त्याला जुन्या फोनसारखंच कव्हर घातलं होतं!). दर महिन्याला त्यातली 'किमान रक्कम' इमानदारीने भरायची आणि कर्ज फिटतंय म्हणून निवांत झोपायचं, असं माझं चाललं होतं. मग एक दिवस बिल बायकोच्या, म्हणजे रेखाच्या हाती लागलं.

"हे का होय जी?"

"बिल."

"मागच्या महिन्यात भरलं म्हनत होते ना? मंग हे वाढून काहून राहिलं?"

याचं उत्तर मलाही हवं होतं. रेखाने निकाल दिला, "दिवाळीपासून तीन महिने देतो तुमाले. नाई फिटलं, तर गाडी इकून टाकू!"

गाडी! माझी मोटरसायकल! वरठीच्या कारखान्यात आम्ही सगळेच मोटरसायकलवर जातो, पण रोज कोरड्या फडक्याने पुसलेली गाडी माझी एकट्याची. ती जाणार या विचाराने पोटात खड्डा पडला आणि त्याच खड्ड्यातून योजना निघाली.

आमच्या भंडाऱ्याकडे दिवाळी झाली की मंडया भरतात. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची. आणि ज्या गावची मंडई, तिथल्या घराघरात पाहुण्यांना आग्रह करकरून जेवण! म्हणजे नातेवाईक नीट वापरले, तर किराणा भरायचं कामच नाही. उरलेला सगळा पगार कार्डात. मी वेळापत्रकच काढलं. एकोडीला सासरे, तुमसरला साडभाऊ (रेखाच्या बहिणीचा नवरा), अधल्यामधल्या दिवशी आत्या, मामा आणि शाळा सुटल्यापासून ज्याच्याशी बोललो नव्हतो असा एक मित्र.

"लोकं का म्हनतील?" रेखाने विचारलं.

"म्हनतील, जवाई मोठा मायाळू आहे!"

महिनाभर आम्ही वडे आणि कोंबडीच्या रश्श्यावर जगलो. सिलिंडर संपेना, बिल उतरायला लागलं. फक्त जेवून उठल्यावर नुसतं 'येतो' म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक घरी म्हणायचो, "आमच्या वरठीच्या मंडईले याच बरं! समद्यांले घेऊन या!" याला पैसे पडत नाहीत, त्यामुळे मी सढळपणे म्हटलं. एकोडीला तर सासऱ्यांचा हातच धरला, "मामाजी, नाई आले तर मी रागावीन!"

त्यांनी मला रागावू दिलं नाही. वरठीच्या मंडईच्या दिवशी सकाळच्या पहिल्याच बसने ते आठ माणसं घेऊन उतरले.

"जवाई, शेजारचे बी आनले. तुमीच सांगतलं होतं ना जी!"

मागून आत्या आली, मामा आले, तुमसरचे साडभाऊ आले, तो मित्र आपल्या सासरच्यांसकट आला! चपला अंगणातून पार रस्त्यावर गेल्या. तांदळाचं पोतं दुपारीच बसलं. मी धावत किराणा दुकानात गेलो आणि हळूच उधारीचं विचारलं.

"उधारी बंद आहे," दुकानदार म्हणाला, "पन कार्ड चालते आपल्याकडे!"

कोंबडीवाल्याकडेही चालत होतं. (देश पुढे गेला आहे, यात शंका नाही!)

संध्याकाळी दोन्ही दुकानांच्या पावत्या रेखाच्या हाती लागल्या. ती सरळ अंगणात बसलेल्या साडभाऊंकडे गेली. "भाऊजी, तुमाले गाडी पायजे होती ना?"

साडभाऊंनी गाडीभोवती चक्कर मारली. "चमकून तर मस्त राहिली!" म्हणाले आणि तिथल्या तिथे फोनवरून पैसे पाठवले. रेखाने त्याच क्षणी कार्डाचं सगळं बिल भरलं. बाकी शून्य! मला मात्र खरंच रडू येत होतं.

बसने आलेले साडभाऊ माझ्या गाडीवर निघाले.

"भाऊ, पेट्रोल तुमसरपर्यंत पुरन का?"

माझ्या दारातून गाडी रिकाम्या टाकीने जाणार? छे! मी मागे बसून पंपापर्यंत गेलो आणि ऐटीत 'फुल' म्हणालो. साडभाऊंनी खिशात हात घातला, तो मी धरला. "कायले जी? तुमी पाहुणे आहात!" असं म्हणून मी कार्ड पुढे केलं आणि मग पायी घरी आलो.